कार्बनचा बागुलबुवा

फराळाच्या ताटापुढे बसलेल्या माणसाला रसायनशास्त्र ऐकवणे हा काही शिष्टाचार नव्हे, हे मला कळते. दिवाळी अंकात कथा असावी, कविता असावी, फार तर एखादे प्रवासवर्णन असावे. परंतु हा अंक ज्या घरांतून आज हातोहात फिरत असेल, त्यांपैकी पुष्कळ घरांत बारावीला किंवा बी.एस्सी.ला असलेले एक मूल तोंड पाडून कोपऱ्यात बसलेले असणार आणि त्याच्या मांडीवर 'ऑरगॅनिक'ची वही असणार. त्या मुलाचे वकीलपत्र घेऊन मी उभा आहे. माझा अशील मठ्ठ नाही, आळशी नाही, आणि मोबाइलने त्याचे डोके फिरवलेले आहे हा आरोपही मला मान्य नाही. एक अत्यंत सुंदर शास्त्र आपण त्याच्या पानात उलट्या बाजूने वाढले आहे, एवढाच काय तो प्रकार.

मी हे मुरुडहून लिहितो. जंजिऱ्याचे मुरुड नव्हे; रत्नागिरी जिल्ह्यातले, दापोलीजवळचे, अण्णासाहेब कर्व्यांचे मुरुड. आयुष्यभर कॉलेजात रसायन शिकवून मी आता इथल्या माडा-पोफळींच्या वाडीत येऊन राहिलो आहे. संध्याकाळी गावातली मुले वह्या घेऊन पडवीत येतात. भौतिकीतले अडले तर ती सरळ विचारतात, गणितातले अडले तर वाद घालतात. पण ऑरगॅनिकचे नाव निघाले की एकदम आवाज खाली जातो. जणू वाडीच्या टोकाला असलेल्या भुताचेच नाव काढले!

ह्या भुतावर मुलांनी जे उतारे शोधून काढले आहेत, ते पाहण्यासारखे आहेत. पहिला उतारा भिंतीचा. देवघराच्या वरच्या अंगाला क्रियांचा तक्ता चिकटवायचा आणि जेवताना, वेणी घालताना, दात घासताना त्याच्याकडे पाहत राहायचे. दुसरा उतारा गाण्याचा. आम्लांच्या नावांची आद्याक्षरे घेऊन त्यांचे एखादे चावट वाक्य करायचे; ते जन्मभर लक्षात राहते, आम्ले तेवढी विसरतात. तिसरा उतारा दुप्पट वेगाने चित्रफिती पाहण्याचा. शिकवणारा तिथे इतक्या घाईने बोलतो, की समजले नाही हे समजायलाही सवड मिळत नाही. आणि शेवटचा, रामबाण उतारा म्हणजे अख्खे ऑरगॅनिक 'ऑप्शनला टाकणे'. हा वाक्प्रचार मी इतक्या मुलांच्या तोंडून ऐकला आहे, की आता मला त्याचा रागही येत नाही. बुडत्या गलबतातून माल समुद्रात फेकणाऱ्या तांडेलावर कोण रागावेल?

शेजारच्या वाडीतल्या एका मुलीची वही मी परवा चाळली. सुवाच्य अक्षर, तांबड्या शाईने अधोरेखित केलेली नावे. आल्डॉल, कॅनिझारो, ग्रिन्यार, आणि खाली साबण तयार होण्याची क्रिया. प्रत्येकीला स्वतंत्र पान. मी तिला म्हटले, "अगं, ह्या चारी पानांवर एकच गोष्ट लिहिली आहे, हे तुझ्या ध्यानात आले का?" ती गोंधळली. मग थोड्या वेळाने म्हणाली, "असेल काका, पण गोष्ट विचारत नाहीत, नाव विचारतात."

ह्या एका वाक्यात आपल्या साऱ्या शिक्षणावरचा अभिप्राय आला. आता ती गोष्ट काय, ते वाचकांनीही ऐकावे, कठीण नाही. कार्बनला ऑक्सिजन दुहेरी बंधाने जोडला गेला, की ऑक्सिजन इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढून घेतो. कार्बन बिचारा उपाशी राहतो. मग ज्याच्यापाशी इलेक्ट्रॉनांची रेलचेल आहे असा कोणीही शेजारून आला, की तो ह्या उपाशी कार्बनाच्या पानावर वाढतो. वरच्या चारी क्रियांत हेच घडते. वाढणारा तेवढा निराळा. वाढणाऱ्याला पुस्तकात 'न्यूक्लिओफाइल' म्हणतात. त्यातले 'फाइल' म्हणजे कचेरीतली फाइल नव्हे, ते ग्रीक भाषेतले 'आवड असलेला' आहे, एवढेदेखील मुलांना कोणी सांगितलेले नसते. इलेक्ट्रॉनांची ही वाट वाकड्या बाणाने दाखवण्याची रीत केरमॅक आणि रॉबिन्सन यांनी १९२२ साली रूढ करायला घेतली. शंभर वर्षे उलटून गेली. आमच्या मुलांच्या वहीत तो बाण आहे, पण तोही पाठ केलेला! कुठून निघाला नि कुठे गेला हे न विचारता, चित्रातल्या रांगोळीसारखा उतरवलेला.

कोणी म्हणेल, हा विषयच अवघड, त्याला शिक्षक काय करणार? अवघड आहे, हे मला कबूल आहे. १८२८ साली प्रयोगशाळेत युरिया करून ज्याने ह्या शास्त्राचे दार उघडले, त्या व्होलरलाच १८३५ साली आपल्या गुरूला लिहिलेल्या पत्रात ह्या शास्त्राला घनदाट, वाट न सापडणाऱ्या अरण्याची उपमा द्यावी लागली. परंतु ते अरण्य पुढच्या पिढ्यांनी तोडून त्यात रस्ते केले. केकुलेने १८५८ साली कार्बनाला चार हात असतात आणि तो आपल्याच भाईबंदांचे हात धरून साखळ्या करतो, असे दाखवले. १८७४ साली व्हांट हॉफ नावाच्या बावीस वर्षांच्या पोराने ते चार हात कागदावर सपाट नसून चौफेर पसरलेले आहेत, असे सांगितले. कोल्बे नावाच्या बड्या आचार्याने त्याची जाहीर टवाळी केली. त्याच पोराला १९०१ साली रसायनशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक मिळाले. रस्ते असे तयार आहेत. आम्ही मात्र मुलांना रस्त्याने न नेता अरण्यातली झाडे मोजायला लावतो आणि मोजणी चुकली की गुण कापतो.

दुसरा आक्षेप असा येतो, की हल्लीच्या मुलांना कष्टच नकोत. अमेरिकेतसुद्धा तीच रड आहे. हा दाखला मलाही ठाऊक आहे. २०२२ साली न्यूयॉर्क विद्यापीठात मेटलँड जोन्स ह्या वयोवृद्ध आणि नामांकित प्राध्यापकांविरुद्ध त्यांच्या ऑरगॅनिकच्या वर्गातल्या साडेतीनशेपैकी ब्याऐंशी विद्यार्थ्यांनी अर्ज केला आणि विद्यापीठाने त्यांना निरोप दिला. ते तर पाठांतराऐवजी विचार करायला लावण्याबद्दल प्रसिद्ध होते! तेव्हा विचार करायला लावले तरी मुले रडतात, असा ह्यातून निष्कर्ष काढला जातो. मला तो उलटा दिसतो. शाळेत बारा वर्षे ज्याला पाठांतराचेच बक्षीस मिळाले, त्याला तेराव्या वर्षी एकाएकी विचार करायला सांगितले तर तो रडणारच. दोष रडण्याचा नव्हे, आधीच्या बारा वर्षांचा आहे.

आणि आमच्याकडे तर बक्षिसाची सोय फारच चोख आहे. वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेत २०२५ साली एकशे ऐंशी मिनिटांत एकशे ऐंशी प्रश्न होते. प्रश्नाला सरासरी एक मिनिट! त्या मिनिटात विचार करणारे मूल मागे पडते आणि आठवणारे पुढे जाते. मुले मूर्ख नाहीत, तीही हिशेब करतात. मौज पुढेच आहे. मुलांवरचा भार हलका करावा म्हणून एनसीईआरटीने अलीकडे बारावीच्या रसायनाच्या पुस्तकातून काही धडे काढून टाकले. त्यांत पॉलिमरचा धडा गेला, आणि औषधे, साबण, खाद्यपदार्थ यांविषयीचा 'रोजच्या जीवनातले रसायन' हा धडाही गेला. म्हणजे बोट बुडू नये म्हणून कप्तानाने नेमकी वल्ही फेकून दिली!

रोजच्या जीवनात हे शास्त्र कुठे आहे, ते मुरुडात उभे राहून पाहावे. थंडीच्या दिवसांत पहाटे खोबरेलाची बाटली थिजते, तिळाच्या तेलाची थिजत नाही. का? खोबरेलातली बहुतेक आम्ले सरळ साखळीची असतात, निम्म्याच्या आसपास तर एकटे लॉरिक आम्लच असते. तिळाच्या तेलातल्या बहुतेक साखळ्यांना दुहेरी बंधापाशी कोपर असते. खराट्याचे सरळ हीर घ्या, त्यांची घट्ट मोळी बांधता येते. मधे वाकवलेले हीर घ्या, मोळी सैल पडते. घट्ट मोळी थोड्या थंडीत गोठते, सैल मोळी गोठायला जास्त थंडी लागते. 'संपृक्त' नि 'असंपृक्त' ह्या दोन शब्दांचा सारा अर्थ एका खराट्यात आहे. ते कोपर हायड्रोजन घालून सरळ केले की पातळ तेलाचे घट्ट वनस्पती तूप होते. त्या कारखान्यातली क्रिया मुलांच्या वहीत आहे, पण डालड्याचा डबा वहीत नाही.

दुसरे उदाहरण आमच्या पोफळीचे. सुपारीत ॲरेकोलिन नावाचे एक द्रव्य असते. ते एस्टर आहे. विड्याला चुना लावला की चुन्यातला अल्क हे एस्टर फोडतो आणि त्याचे निराळे द्रव्य होते. खोबरेलात कॉस्टिक सोडा घालून साबण करतात, तेव्हाही अल्क एस्टरच फोडतो. आजोबांचा विडा आणि अभ्यंगस्नानाचा साबण एकाच क्रियेची दोन रूपे! सुपारीची मी भलामण करीत नाही. तोंडाच्या कर्करोगाशी असलेले तिचे नाते आता सिद्ध झालेले आहे. पण पोफळीच्या सावलीत वाढलेल्या मुलाला एस्टर म्हणजे काय हे परक्या देशातल्या फुलाफळांच्या वासावरून शिकवायचे, हा कुठला न्याय?

तिसरे उदाहरण बाळंतिणीच्या खोलीतले. बाळंतशेपांतल्या तेलात कार्व्होन असते आणि पुदिन्याच्या एका जातीतही कार्व्होनच असते. रेणू तोच, अणू तेवढेच, जोडणीही तीच; फरक इतकाच, की एक उजवा हात आहे आणि दुसरा डावा. नाकाला मात्र तो फरक लगेच कळतो. आमच्या पडवीत मुलांनी मळलेल्या कणकेचे गोळे आणि हीर घेऊन असे दोन रेणू केले. कितीही फिरवले तरी एक दुसऱ्यावर बसेना, तेव्हा एक मुलगा ओरडला, "काका, म्हणून कागदावर समजत नव्हतं!" खर्च मूठभर कणकेचा.

पाठांतर मुळीच नको, असे म्हणणारा मी नव्हे. पाढे पाठ हवेत. मुळाक्षरे न घोकता कोणी पोथी वाचली आहे? क्रियात्मक गटांची पंधरा-वीस नावे अवश्य घोकावीत. पण मुळाक्षरे घोकण्याचे दिवस संपल्यावर अख्खी पोथीही अर्थ न सांगता घोकायला लावणे, हे अध्यापन नव्हे.

शिवाय ह्या मुलांच्या वाटेत भाषेचा एक चढ आहे. दहावीपर्यंत 'कार्बनी संयुगे' म्हणून मराठीत जे नीट कळले होते, ते अकरावीत इंग्रजी पोशाख घालून येते आणि ओळख दाखवीत नाही. ह्याच गावच्या अण्णासाहेब कर्व्यांनी १९१६ साली स्त्रियांसाठी विद्यापीठ काढले, तेव्हा मातृभाषेतून शिकवण्याचा आग्रह धरला. ते स्वतः गणिताचे प्राध्यापक होते. कठीण विषय परभाषेत दुप्पट कठीण होतो, हे त्यांना सांगायला नको होते. पारिभाषिक शब्द खुशाल इंग्रजी ठेवा. 'न्यूक्लिओफाइल'चे मराठी करण्यात वेळ दवडू नका. पण कारण मात्र घरच्या भाषेत सांगा. कारण परक्या भाषेत पाठ होते. समजते ते आपल्याच भाषेत.

अण्णासाहेबांची आणखी एक गोष्ट. कोवळ्या वयात परीक्षेसाठी ते मुरुडहून चालत, घाट चढून साताऱ्याला गेले, आणि अंगाने लहान दिसतो म्हणून परीक्षकांनी त्यांना बसूच दिले नाही. ज्ञान सोडून भलतेच पाहणारी परीक्षा अशी जुनीच आहे. त्या काळी तिने उंची पाहिली, आज ती स्मरणशक्ती पाहते.

तेव्हा माझ्या अशिलाच्या वतीने मागणे एवढेच. प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनी क्रियांच्या नावांचा छापील तक्ता परीक्षेतच हाती द्यावा आणि 'नाव सांगा' ऐवजी 'असे का होते' हे विचारावे. त्या दिवशी गाईडांचे निम्मे दुकान बंद होईल. शिक्षकांनी खडूबरोबर एक खराटाही वर्गात न्यावा. आणि आईबापांनी "ऑरगॅनिक म्हणजे नुसतं पाठांतर" हे आपले चाळीस वर्षांपूर्वीचे दुखणे मुलांना वारसाहक्काने देऊ नये.

बाकी निकाल घरच्या घरीच लावता येईल. खोबरेल थिजते नि तिळाचे तेल थिजत नाही, ते का, हे आपल्या बारावीतल्या मुलाला विचारून पाहा. उत्तर आले तर त्याच्या पानात एक करंजी जास्त वाढा. नाही आले तर त्याच्यावर रागावू नका. दिवाळीची सुट्टी संपली की त्याच्या कॉलेजात जा, आणि तोच प्रश्न तिथे विचारा.