सातबाऱ्यावर नाही, थकबाकीत मात्र नाव!

बाईच्या नावावर काय असतं? सातबारा सासऱ्याचा नाहीतर नवऱ्याचा. घरही त्यांचंच. १९९४ साली राज्याचं पहिलं महिला धोरण आलं. मालमत्तेला बाईचं नाव लागावं म्हणून आपण तेव्हाही भांडत होतो, आजही भांडतो आहोत. कर्जाच्या खात्याला मात्र ते न भांडता लागलं!

पूर्णेत बचत गटांबरोबर काम करताना हे वारंवार समोर येतं. मोठं दुखणं आलं की इथला माणूस नांदेड नाहीतर परभणी गाठतो. खासगी दवाखान्यात आधी अनामत मागतात. पैसे नसले तर हप्त्यांवर कर्ज देणारा माणूस तिथेच हजर असतो. ऑपरेशनच्या संमतीपत्रांच्या गठ्ठ्यात कर्जाचा कागदही येतो. "सही करा ताई, पेशंटला आत न्यायचंय." नवऱ्याचे जुने हप्ते थकलेले, म्हणून आधार, पॅन, अंगठा बाईचा. कधी तर घरातलंच कुणी तिच्या मोबाइलवरचा ओटीपी परस्पर सांगून मोकळं होतं. दोन वर्षांनी ती शिलाई मशीनसाठी बँकेत जाते, तेव्हा साहेब म्हणतात, "तुमचं सिबिल खराब आहे."

सिबिल ही कर्जांच्या नोंदी ठेवणारी कंपनी. देशात अशा ४ कंपन्या आहेत. दवाखान्याची उधारी तिथे चढत नाही. बँकेचं, फायनान्सचं कर्ज चढतं. म्हणजे दवाखाना पैसे घेऊन मोकळा, डाग बाईच्या नावाला!

विचारायला गेलं की उत्तर मिळतं, "ही तुमची घरगुती बाब." शेजारी म्हणतात, "नवऱ्याच्या जिवासाठीच घेतलं ना?" नवऱ्याच्या जिवासाठी बाई कधी नाही म्हणाली? मंगळसूत्रही गहाण टाकते ती. प्रश्न तिला विचारण्याचा आहे. मुकाट राहणं म्हणजे संमती नव्हे, हे आपण १९७८ च्या मथुरा निकालापासून सांगत आलो. कर्जाच्या कागदाला वेगळा न्याय का?

मैत्रिणींनो, या प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा असतो. तो गटाच्या बैठकीत मिळून वाचा. अनोळखी कर्ज दिसलं तर कर्ज देणाऱ्याकडे आणि नोंद ठेवणाऱ्या कंपनीकडे लेखी तक्रार करा. सहीचा कागद मागा, पैसे कुणाच्या खात्यात गेले ते विचारा. ३० दिवसांत तक्रार सुटली नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. त्यापुढे रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे, तिथे फी नाही. सही खोटी असेल तर पोलिसांत जा. "थोडे भरा, मिटवून टाका" याला भुलू नका. 'सेटल्ड' हा शेरा नावाला चिकटतो.

पण नोंद चुकीची आहे हे मान्य कुणी करायचं? कर्ज देणाऱ्यानेच! त्याच्या होकाराशिवाय ती बदलत नाही. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या त्या याच.

म्हणून आपल्या मागण्या:

१) कर्जाचा कागद उपचाराच्या कागदांपासून वेगळा हवा. १ ऑक्टोबर २०२४ पासून कर्जाची मुख्य माहिती कर्जदाराला समजेल अशा भाषेत देणं बंधनकारक आहे. ती बाईला स्वतःला, मराठीत वाचून दाखवा.

२) कर्ज तिनेच घेतलं हे कंपनीने सिद्ध करावं, तोवर थकबाकीचा शेरा नको.

३) योजनेतल्या दवाखान्यात आधी महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा आरोग्यमित्र भेटावा, कर्जवाला नव्हे.

दारावर बाईच्या नावाची पाटी लावायला ज्यांचा हात धजत नाही, त्यांना तिचं नाव कर्जावर टाकण्याचा अधिकार नाही!