इंग्रजी वाक्प्रचारांतील भांडींकुंडीं

इंग्रजी व्याकरण ज्यास उत्तम अवगत आहे असा विद्यार्थीही त्या भाषेंतील वाक्प्रचारांपाशीं अडखळतो, हें प्रत्येक शिक्षकाच्या अनुभवाचें आहे. त्यांतही बादली, तवा, पेला, पांघरूण असल्या नित्याच्या वस्तु ज्यांत येतात ते प्रयोग अधिक फसवे. कारण वस्तु ओळखीची म्हणून अर्थही ओळखीचाच असावा, असें वाटूं लागतें. या महिन्यांत अशा कांहीं प्रयोगांचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आमच्या परिचयाच्या एका सुशिक्षित तरुणानें आपल्या वरिष्ठ अधिकाऱ्यास, त्याच्या वडिलांच्या निधनानंतर, इंग्रजींत समाचाराचें पत्र लिहिलें. 'किक द बकेट' म्हणजे मृत्यु पावणें, एवढें त्यानें कोशांत पाहिलें होतें; तोच प्रयोग त्यानें पत्रांत घातला. अर्थ बिनचूक होता, परंतु पत्र धाडलें नसतें तर बरें झालें असतें. आपल्याकडे सांत्वनाच्या पत्रांत 'तीर्थरूप कैलासवासी झाले' असें आपण लिहितों. 'गचकले' असें कोणी लिहील काय? या इंग्रजी प्रयोगाची पायरी तीच. फ्रान्सिस ग्रोस यानें १७८५ मध्यें ग्राम्य शब्दांचा कोश छापला, त्यांत तो आलेला आहे, यावरूनच त्याचें कुल समजावें. यांतील 'बकेट' ही विहिरीवरची बादली नसून, मारलेलें डुकर ज्यास उलटें टांगीत तो लांकडी दांडा होय, असें पुष्कळ विद्वानांचें मत आहे. (शाकाहारी वाचकांनीं क्षमा करावी, शब्दाच्या मागें जाणारास कोठेंही जावें लागतें.)

आपल्या शास्त्रकारांनीं हा प्रकार फार पूर्वीं ओळखला होता. मम्मटानें रूढिलक्षणेचें उदाहरण म्हणून 'कुशल' हा शब्द घेतला आहे. मूळचा अर्थ दर्भ कापून आणणारा. हात न कापतां दर्भ आणावयाचा तर अंगीं चतुराई हवी, म्हणून पुढें कुशल म्हणजे चतुर. आज कुशल वैद्य म्हणतांना दर्भाची आठवण कोणास होते? वाक्प्रचारांतील भांडींही तशींच समजावीं.

तवा व किटली यांचा संवाद मात्र आमच्या गृहिणींस सहज समजेल. स्वतः दोषी असून दुसऱ्यास तोच दोष लावणाऱ्याविषयीं इंग्रज म्हणतो कीं, भांडें किटलीस काळी म्हणतें. सर्व्हांटिसच्या 'डॉन किहोटे'च्या दुसऱ्या भागाचें इंग्रजी भाषांतर १६२० मध्यें निघालें, त्यांत तवा हें बोलतो. तेथील 'केटल' म्हणजे चहाची किटली नव्हे, पाणी तापविण्याचें मोठें भांडें. चहा इंग्लंडांत अद्यापि पोंचावयाचा होता. लांकडाच्या जाळावर दोघांचींही बुडें सारखींच काळीं होत. आपल्याकडे चुलीवर ठेवण्यापूर्वीं बुडास मातीचा लेप देत, तो याच काजळीसाठीं. गॅसच्या शेगडीवर वाढलेल्या नातवंडांस हें सांगावें लागतें. मराठींत आपण हसे लोकांना, शेंबूड आपल्या नाकाला; अर्थ तोच, पण चारचौघांत बोलण्यास इंग्रजी प्रयोग अधिक सभ्य, हें कबूल केलें पाहिजे.

तव्यांतून उडून विस्तवांत पडणें, हा प्रयोग जॉन हेवुडच्या १५४६ च्या म्हणींच्या संग्रहांत आहे. याचें भाषांतर करण्याचें कारणच नाहीं; आगींतून निघून फुफाट्यांत पडणें हें आपल्याकडे तयार आहे. तरी एक भेद पाहण्यासारखा आहे. इंग्रजाचें दुसरें संकट पहिल्याहून उघड मोठें. आपला फुफाटा वरून राखेसारखा शांत दिसतो आणि पाय ठेवतांच पोळतो. आमच्या मतें मराठी म्हण अधिक मार्मिक आहे.

पांघरुणाच्या बाबतींत दोन्ही भाषा अगदीं विरुद्ध दिशांस गेल्या. दुसऱ्याच्या दोषांवर पांघरूण घालणें हा आपल्या घरांत पुष्कळदां गुणच मानितात, आणि एकत्र कुटुंब त्यावांचून चालतही नाहीं. इंग्रजींत 'वेट ब्लँकेट' म्हणजे हंसत्याखेळत्या मंडळींत येऊन सर्वांचा उत्साह मावळविणारा मनुष्य. विस्तव विझविण्यास त्यावर ओलें कांबळें टाकीत, त्यावरून. 'ओलें पांघरूण' असें भाषांतर केल्यास मराठी वाचकास कांहींच बोध होणार नाहीं. सरळ 'विरजण घालणारा' म्हणावें.

उलट 'पेल्यांतील वादळ' आपण शब्दशः उचललें आणि तें मराठींत सुखानें नांदत आहे. इंग्रजांचा पेला चहाचा. पण कल्पना त्यांची नव्हे. रोमन वक्ता सिसेरो याच्या लेखनांत पळींत लाटा उठविण्याची गोष्ट आहे. संध्येची पळी हातीं असणारास तर हें रूप पेल्याहूनही जवळचें वाटेल.

शेवटीं टबाचा प्रयोग. अंघोळीच्या पाण्याबरोबर मूलही फेंकून देणें, म्हणजे टाकाऊबरोबर मोलाचेंही टाकणें. हा मूळ जर्मन. थोमास मुर्नर याच्या १५१२ च्या ग्रंथांत तो आहे, आणि इंग्रजींत १८४९ मध्यें कार्लाइलनें तो वापरला. सारें कुटुंब एकाच पाण्यांत न्हाई, शेवटीं मूल, आणि तोंवर पाणी इतकें गढूळ होई कीं मूल दिसेना, ही कथा १९९९ च्या सुमारास इंटरनेटवरून पसरली. ती निव्वळ थट्टा आहे, मुलांस शिकवूं नये. सामाजिक सुधारणेच्या वादांत हा प्रयोग वारंवार येतो, आणि भाषांतरकार तेथें 'सुक्याबरोबर ओलेंही जळतें' असें लिहून मोकळे होतात. तें बरोबर नाहीं. आपल्या म्हणींत दोष आगीचा. त्यांच्या प्रयोगांत न पाहतां टब उपडा करणाऱ्या माणसाचा.