आवाज कोठे बिघडतो?

घरातल्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज बिघडला की दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणतो, "जुना झाला, टाकून द्या." दुसरा म्हणतो, "स्पीकरच्या तारा बदला, चांदीच्या घ्या." आवाज नेमका कोठे बिघडला, हे मात्र दोघेही विचारीत नाहीत. माझे म्हणणे असे, की दुकानाची पायरी चढण्यापूर्वी हा प्रश्न वहीत सोडवून पाहावा.

प्रथम तारेचा हिशेब करू. १ चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेचा रोध दर मीटरला सुमारे ०.०१७ ओहम असतो. स्पीकर ५ मीटर दूर असेल, तर जाऊन-येऊन तार १० मीटर आणि रोध ०.१७ ओहम. घरातला स्पीकर ८ ओहमचा धरला, तर तारेचा रोध त्याच्या जेमतेम दोन टक्के. आता तेवढीच तार चांदीची घ्या. रोध ०.१६ ओहम होईल. एक शतांश ओहमासाठी किती पैसे मोजायचे? तार फार बारीक किंवा फार लांब असेल, तर फरक पडेल खरा. पण त्यावर उपाय जाड तार हा आहे, महाग तार नव्हे.

आता कंडेन्सर, म्हणजे पाठ्यपुस्तकातले धारित्र, पाहू. पुष्कळ जुन्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ध्वनीचा विद्युत्प्रवाह एका इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरमधून स्पीकरकडे जातो. एका ठरावीक कंप्रतेला स्पीकरला मिळणारी शक्ती निम्मी होते आणि त्याखाली आणखी घटत जाते. ती कंप्रता काढणे सोपे आहे. रोध आणि धारिता यांच्या गुणाकाराला ६.२८ ने गुणा व येणाऱ्या संख्येने १ ला भागा. ८ ओहम व १००० मायक्रोफॅरड यांसाठी उत्तर येते सुमारे २० हर्ट्झ. माणसाच्या कानाची खालची मर्यादाही साधारण तीच. म्हणजे काही बिघडले नाही.

परंतु या कंडेन्सरमधला द्राव वर्षानुवर्षे सुकत जातो. उष्णतेने तर लवकरच. धारिता १०० मायक्रोफॅरडवर आली, की २० चे २०० हर्ट्झ होतात. पुरुष गायकाच्या तानपुऱ्याची खर्जाची तार ७० हर्ट्झच्या आसपास बोलते. तिचा मूळ स्वर क्षीण होतो, डग्ग्याचा घुमारा जातो आणि गाणे डब्यातून आल्यासारखे वाटते. वीजपुरवठ्यातला कंडेन्सर सुकला, तर ५० हर्ट्झच्या विजेतून बहुधा १०० हर्ट्झची गुणगुण गाण्यामागे सतत ऐकू येते. सुट्या भागाचा दर्जा महत्त्वाचा ठरतो तो येथे. नवा कंडेन्सर घेताना त्यावर ८५ अंश छापले आहेत की १०५, हे पाहावे. गरम जागी १०५ अंशांचा अधिक टिकतो.

"पण मला भारी तारेतला फरक स्पष्ट ऐकू येतो," असे कोणी म्हणेल. म्हणू द्या, आणि परीक्षा घ्या. मित्राला पडद्याआड बसवा. त्याने नाणे उडवून कधी साधी, कधी भारी तार जोडावी. प्रत्येक वेळी जोडण्यापूर्वी अ‍ॅम्प्लिफायर बंद करावा व आवाजाचे बटण हलवू नये. असे १० वेळा करा. केवळ अंदाजाने दहाही उत्तरे बरोबर येण्याची शक्यता १०२४ मध्ये एक आहे. कान खोटे बोलतो असे नाही, पण किंमत ठाऊक असली की मन कानाला पढवते.

एक ताकीद. अ‍ॅम्प्लिफायर स्वतः उघडू नका. वीज बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये भार शिल्लक राहतो. हे काम जाणकार दुरुस्ती करणाऱ्याकडूनच करून घ्या. शिक्षकांना विनंती, की धारित्राचा पाठ शिकवताना हे गणित वर्गात जरूर सोडवून घ्यावे. ज्या विद्यार्थ्याने ते एकदा सोडवले, तो चालण्याजोगे यंत्र भंगारात टाकणार नाही आणि किमतीच्या चिठ्ठीलाच गुणवत्ता समजणार नाही.