‘द पेट्रियट’मधील आग



‘द पेट्रियट’ (2000) या चित्रपटावरचे गेल्या अंकातील पत्र वाचले. देशप्रेम जागे होत असेल तर इतिहासातल्या बारीकसारीक चुका काढू नयेत, असे पत्रलेखकांचे म्हणणे. गणवेशाच्या बटणांवरून मीही वाद घालणार नाही. पण गावकऱ्यांना चर्चमध्ये कोंडून जिवंत जाळणारे ब्रिटिश घोडदळ, ही बारीकसारीक चूक? अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात असे घडल्याची नोंद नाही. असे कृत्य 1944 साली फ्रान्समधल्या ओरादूर-सुर-ग्लान गावात नाझींनी केले. एकाचे पाप दुसऱ्याच्या माथी मारण्यात कसली आली देशभक्ती?

नायक बराचसा ज्याच्यावर बेतला आहे, तो फ्रान्सिस मॅरियन गुलाम बाळगून होता. पडद्यावर मात्र नायकाच्या दक्षिण कॅरोलिनातल्या शेतावर राबणारे कृष्णवर्णीय चक्क स्वतंत्र मजूर! स्वातंत्र्याची गाथा सांगताना केलेली ही लपवाछपवी मला सर्वांत जास्त खटकली. गंमत अशी की, पडद्यावर मारला जाणारा खलनायक ज्याच्यावरून घेतला, तो ब्रिटिश अधिकारी टार्लटन प्रत्यक्षात रणांगणावर मेलाच नाही. लिव्हरपूलचा खासदार होऊन त्याने संसदेत गुलामांच्या व्यापाराची बाजू मांडली. खरा खलनायक आयता हाताशी होता.

हे युद्ध आपल्याला अगदीच परके नाही. या युद्धात यॉर्कटाउनला 1781 साली शरण गेलेला ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिस, त्याच्याच जोडीने 1792 मध्ये मराठ्यांचे सेनापती हरिपंत फडके श्रीरंगपट्टणला टिपूविरुद्ध उभे होते.

पत्रलेखकांनी चित्रपट खुशाल पुन्हा पाहावा. घरातल्या मुलांना दाखवताना मात्र ती चर्चची आग काल्पनिक आहे, एवढे जरूर सांगावे.

— एक वाचक, सातारा