चढती सवाई व उतरता पाव

मालवणच्या बाजारपेठेंत काजूगराचा भाव सव्वापट होऊन किलोस 1,000 रुपयांवर गेला, असें समजा. पुढें माल वाढला व गिऱ्हाइकानें भाव पूर्ववत् करण्याची मागणी केली. दुकानदारानें ती मान्य केली, पाव हिस्सा उतरविला आणि 750 रुपयांनीं गर विकला. उभयतांची समजूत अशी कीं, जेवढें चढलें तेवढेंच उतरलें. वास्तविक पूर्वींचा भाव 800 रुपये होता. 40 किलोंच्या एका व्यवहारांत दुकानदाराचे 2,000 रुपये गेले, आणि तेहि कोणी लुबाडलें म्हणून नव्हे!

वाढ मोजली 800 वर आणि घट मोजली 1,000 वर, एवढीच काय ती चूक. ज्या रकमेचा पाव हिस्सा वाढला ती रक्कमच ठाऊक नसते, म्हणून तिला क्ष म्हणावें. क्ष व क्षचा चतुर्थांश मिळून पांच चतुर्थांश झाले. ते 1,000 बरोबर आहेत. तेव्हां एक चतुर्थांश 200 आणि क्ष 800. ह्यांत भिण्यासारखें काय आहे, हें आम्हांस अद्याप उमगलेलें नाहीं.

क्ष ही इंग्रजी शाळेबरोबर आलेली बला आहे, अशीहि एक समजूत आहे. भास्कराचार्यांच्या 1150 सालच्या लीलावतींत आपल्याच अंशानें वाढणारे व घटणारे अपूर्णांक भागानुबंध व भागापवाह ह्या नांवांनीं आले आहेत; त्यांच्या बीजगणितांत अज्ञात संख्येस यावत्तावत् म्हटलें आहे. आमच्या वडील मंडळींस सवायकी पाठ असे, व तींत शंभरावरून ऐंशींकडे उलट जाणें त्यांस जड नव्हतें. परंतु 18 टक्क्यांचा पाढा कोणास पाठ आहे? 2017 सालापासून वस्तु व सेवा कर लागू झाला. 18 टक्के कर धरून किंमत 1,180 रुपये असेल, तर कर 180 रुपये होय. पण 1,180 चेच 18 टक्के काढणारा गृहस्थ 212 रुपये 40 पैसे कर समजतो. शिक्षकांनीं बाजारांतील असें एखादें बिल फळ्यावर मांडावें. ठरीव उदाहरणें घोकून हें साधत नाहीं.

दुकानदाराची चूक एका दिवसाची. कर्जदाराची तशी नव्हे. होडीच्या दुरुस्तीसाठीं कोणी दरसाल सवाईनें पैसे काढले, पहिल्या वर्षाचें व्याज मुद्दलांत मिळविलें, आणि दोन वर्षांनीं 10,000 रुपये येणें निघालें, तर मूळ रक्कम किती? दोन सवाया म्हणजे निमपट, असें धरून कित्येक 5,000 सांगतील. दोनदां सव्वापट म्हणजे पंचवीस सोळांश. त्यावरून क्ष 6,400 येतो. दामदुपटाच्या जुन्या नियमानें एका वेळीं मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करतां येत नाहीं. पण मुद्दलच ज्यास काढतां येत नाहीं, त्यास ह्या नियमाचा आधार कसा मिळावा? सावकाराच्या वहींत मुद्दल 8,000 पडलें, तर व्याजाची मर्यादाहि तितकीच वर सरकते. 8,000 वर दोन सवाया 12,500 होतात, 10,000 नव्हेत, हें वकिलाच्या पायऱ्या चढण्यापूर्वीं कर्जदारास स्वतः मांडून पाहतां आलें पाहिजे.