रिकाम्या किनाऱ्याचा कैवार

“ज्यांत कांहीं घडतच नाहीं, तो चित्रपट कसला?” निसर्गाचे विषण्ण लघुपट पाहून असें विचारणारे सुशिक्षित गृहस्थ आम्हांस वारंवार भेटतात. त्यांच्यापुढें आम्ही दोन मूकपट ठेवितों. १९२९ सालीं योरिस इव्हेन्स यांनीं मानुस फ्रांकेन यांच्या साह्यानें आम्स्टरडॅमवर पडणाऱ्या पावसाचा सुमारें बारा मिनिटांचा पट केला. त्याच वर्षीं आंरी स्टॉर्क यांनीं बेल्जममधील ऑस्टेंड या आपल्या समुद्रकांठच्या जन्मगांवाचा असाच एक छोटा पट काढला. उन्हाळ्यांत गजबजणारा तो किनारा येथें ओसाड आहे. जहाजांचे नांगर, वारा, फेस आणि वाळू हींच त्यांतलीं पात्रें.

आतां घडतें काय? पहिल्या पटांत कालव्याच्या पाण्यावर थेंब पडूं लागतात, एक गृहस्थ हात पुढें करून पाहातो, छत्र्या उघडतात आणि शेवटीं सर ओसरते. येणें आणि सरणें यांपलीकडे त्यांत कथानक नाहीं; पण ज्याला तेवढ्यानें हुरहुर लागत नाहीं, त्याला मोठें कथानक तरी कितीसें भिडणार?

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. जगांत उपासमार असतां लाटा पाहून उसासे टाकणें ही भरल्या पोटाची चैन होय, असें कित्येक म्हणतात. त्यांनीं पुढील इतिहास पाहावा. १९३३ सालीं हेच दोघे कलावंत बोरिनाज या बेल्जमच्या कोळशाच्या मुलखांत गेले, आणि १९३२ च्या संपानंतर खाणकामगारांची झालेली दैना त्यांनीं पडद्यावर आणिली. ज्या डोळ्यांनीं थेंब धीरानें न्याहाळला, त्यांनींच घराबाहेर काढलेलें बिऱ्हाडही न्याहाळलें. उदासी मनुष्यास दुबळेंच करिते असें नव्हे. ती त्यास थांबून पाहावयास लाविते.

मात्र हे पट केवळ दुर्मिळ म्हणून ज्यांस प्रिय आहेत, त्या रसिकांचीही आम्ही गय करणार नाहीं. दुर्मिळता हा पटाचा गुण नव्हे, आपल्या अनास्थेचा पुरावा आहे. स्टॉर्क यांनीं स्वतः १९३८ सालीं दोघां सहकाऱ्यांसह बेल्जमच्या चित्रपटसंग्रहाचा पाया घातला. आपल्याकडेही पुण्यास १९६४ सालीं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें, आणि कित्येक शहरांत फिल्म सोसायट्या आहेत. त्यांनीं प्रत्येक मोठ्या चित्रपटाआधीं असा एक लघुपट दाखविण्याचा नेम करावा. प्रेक्षकांस कंटाळा आला तर त्यांनीं तो खुशाल निंदावा. परंतु न पाहातां निंदणें आणि न दाखवितां मिरविणें, हीं दोन्ही आतां पुरे झालीं.