भाषा कोणी ठरवायची?

मैत्रिणींनो, सल्ला केंद्राच्या केसेस संगणकावर घ्यायचं ठरलं, की खर्च, मुदत, मशीन कुठलं यावर आपण तासभर वाद घालतो. प्रोग्रॅम कुठल्या भाषेत लिहायचा हे मात्र ‘त्या मुलांवर’ सोपवून मोकळ्या होतो. माझ्या मते हा निर्णय आपलाही आहे.

प्रोग्रॅम लिहिणारा बहुधा स्वतःला येणारी भाषा सुचवतो. त्यात लबाडी नसते. शिंपीही हाताला बसलेलाच कट काढतो. पण आपली गरज वेगळी असू शकते. आपल्या नोंदी मराठीत. ‘स्त्री’ हा शब्द घ्या. आपल्या लेखी ते एकच अक्षर. पायथॉन (३) आणि जावास्क्रिप्ट त्याची लांबी ६ मोजतात: तीन व्यंजनं, दोन हलन्त आणि वेलांटी. पीएचपीची साधी मोजणी सांगते १८, कारण ती बाइट मोजते. नावाला २० बाइट ठेवले, तर साधं आडनावही अर्ध्यात तुटेल. पीएचपीत अक्षरचिन्हं मोजायची वेगळी सोय आहे. पण ती वापरा, हे सांगायला मराठीतून काम करणारी बाई त्या बैठकीत हवी ना!

दुसरं, दोन वर्षांनी दुरुस्ती कोण करणार? आपलं बेसा नागपूरच्या दक्षिण टोकाला, जवळच मिहानमध्ये टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल. जावा, पायथॉन जाणणारी मुलगी या भागात सापडेल. एखाद्या हौशी तरुणाला आवडलेल्या दुर्मिळ भाषेचं तसं नाही. तो पुण्याला गेला, की आपला प्रोग्रॅम कुलूपबंद. कार्यकर्ती गावोगाव फिरून, रेंज नसताना फोनवर नोंद करणार असेल, तर अँड्रॉइडसाठी कॉटलिनचा विचार करावा. २०१९ पासून गूगल त्या कामाला तिलाच पहिली पसंती देतं. आणि वर्षाला पन्नास केसेस असतील, तर प्रोग्रॅमच कशाला? पासवर्ड घातलेली एक्सेलची फाइल पुरते.

वापरणारीचा विचार करून भाषा घडवणं नवं नाही. ग्रेस हॉपर यांच्या फ्लो-मॅटिकमध्ये आज्ञा साध्या इंग्रजी शब्दांत होत्या, हिशेब सांभाळणाऱ्यांना वाचता याव्यात म्हणून. १९५९ साली कोबोलचा आराखडा ठरताना त्याचाच मोठा आधार घेतला गेला.

‘अमुक भाषा सुरक्षित’ असं कोणी म्हणालं, तर विचारा: नोंदी कुठल्या मशीनवर राहणार, कोणाला दिसणार? मारहाणीची तक्रार नवऱ्याच्या ओळखीतल्याच्या हाती पडली, तर तिथे कुठलीच भाषा कामी येत नाही. आणि करारात लिहून घ्या, की मूळ प्रोग्रॅमची प्रत संस्थेकडे राहील.